जपानमध्ये तारीख-वेळ कशी वाचायची, कशी लिहायची: नव्याने येणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईहून जपानला नोकरीसाठी किंवा शिकायला आलेल्या माणसाला पहिल्या दोन-तीन महिन्यांत सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो, असं मला कुणी विचारलं तर मी भाषेच्याही आधी तारखेचं नाव घेईन. भाषा येत नाही हे आपल्याला माहीत असतं, म्हणून आपण विचारतो. तारीख मात्र आकड्यांत असते. ती वाचता येते असं वाटतं, म्हणून कुणी विचारत नाही. बँकेच्या पासबुकावर ०७-०६-२५ छापलेलं असतं आणि आपण ते बिनदिक्कत ७ जून २०२५ वाचतो. प्रत्यक्षात ती असते २५ जून २०२५.

तोक्योच्या एदोगावा वॉर्डात, निशिकासाइ स्टेशनच्या आसपास आपली बरीच मंडळी राहतात. नवीन आलेल्यांबरोबर वॉर्ड ऑफिसात, बँकेत, शाळेत माझं जाणं होतं आणि प्रश्न फिरून फिरून तेच येतात. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. एक सूत्र आधीच सांगतो, पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे: आकडा वाचण्याआधी त्याच्या शेजारची खूण वाचा.

हाताशी काय ठेवाल

- भारतीय पासपोर्ट आणि झाइर्यू कार्ड, म्हणजे विमानतळावर मिळणारं निवासाचं कार्ड.
- एक चिठ्ठी, तिच्यावर तुमची जन्मतारीख तीन प्रकारे: वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, सलग आठ आकड्यांत, आणि जपानी युगाच्या वर्षासह. घरातल्या प्रत्येकाची वेगळी करा.
- साधं काळं बॉलपेन. इथे घासून खोडता येणारी पेनं फार चालतात, पण सरकारी आणि बँकेच्या कागदांवर ती घेत नाहीत.
- वॉर्डाचं कचऱ्याचं वेळापत्रक. ते घर मिळाल्याबरोबर मागून घ्या.
- फोनमध्ये कॅमेऱ्याने मजकूर वाचणारं भाषांतराचं ॲप. मात्र ते जपानी युगाचं वर्ष आपल्या वर्षात बदलून देईलच असं नाही, तेवढं आपण करायचं.

१. क्रम पक्का करा: मोठं आधी, लहान नंतर

जपानमध्ये आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग कंसात वार, आणि सगळ्यात शेवटी वेळ. पत्ताही असाच लिहितात: आधी प्रांत, मग शहर, मग वस्ती, शेवटी घर क्रमांक. हा क्रम इथे कुणी मोडत नाही, हा आपल्याला मोठा आधार आहे.

पूर्ण लिहिलेल्या तारखेत प्रत्येक आकड्याच्या उजवीकडे एक कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेलं, अक्षर असतं. वर्षाच्या पुढे ‘नेन’, महिन्याच्या पुढे ‘गात्सु’, दिवसाच्या पुढे ‘निचि’ (बोलताना बऱ्याच तारखांना ‘का’). ही तीन अक्षरं पहिल्याच दिवशी ओळखायला शिका. ‘निचि’ म्हणजे उभी बंद चौकट आणि तिच्या मध्ये एक आडवी रेघ. ‘गात्सु’ म्हणजे तशीच चौकट, पण खालून उघडी, आत दोन आडव्या रेघा. ‘नेन’ला वर डावीकडे छोटा तिरका फटकारा, तीन आडव्या रेघा आणि त्यांना छेदून खाली उतरलेली लांब उभी रेघ. तीन अक्षरं ओळखली की निम्मे अर्ज वाचता येतात.

आता पासपोर्ट आणि झाइर्यू कार्ड शेजारी ठेवा. पासपोर्टवर दिवस-महिना-वर्ष असतं, कार्डावर वर्ष-महिना-दिवस. तुमचा जन्म ५ जून १९९१ चा असेल तर कार्डावर १९९१, ०६, ०५ याच क्रमाने हवं. बारा किंवा त्याहून लहान तारखेला जन्मलेल्यांनी हे विशेष नीट बघावं, कारण महिना आणि दिवस उलटे पडले तरी ती तारीख खरीच दिसते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. कार्ड हातात पडताच तपासा. त्याच कार्डावरून पुढे बँक, फोन, विमा सगळं भरलं जातं, आणि एक चूक सगळीकडे पसरली की निस्तरायला महिने जातात.

कंपनीत इंग्रजीत काही लिहून द्यायचं असेल तर महिना आकड्यात लिहूच नका, अक्षरांत लिहा. समोरचा अमेरिकन पद्धतीने वाचतो की जपानी, हा प्रश्नच राहत नाही.

२. युग ओळखा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

जपानमध्ये दोन सनावळ्या शेजारी शेजारी चालतात. एक आपली नेहमीची इसवी सनाची, तिला इथे ‘सेइरेकी’ म्हणतात. दुसरी युगाची: सम्राट गादीवर आला की नवं युग, आणि वर्षांची मोजणी पुन्हा एकपासून. मराठी माणसाला ही कल्पना परकी नाही. १६७४ साली शिवाजी महाराजांनी राज्याभिषेक शक सुरू केला, तोही गादीवर बसण्यापासून मोजलेला. फरक इतकाच, की आपल्याकडे तो इतिहासात आणि निमंत्रणपत्रिकांत उरला, आणि जपानमध्ये युगाचं वर्ष आजही घरभाड्याच्या करारावर, करपावतीवर, पासबुकावर असतं. १९७९ च्या कायद्याने त्याला आजचा आधार मिळाला आहे.

आधुनिक युगं पाच:

- मेइजि: १८६८ ते ३० जुलै १९१२
- ताइशो: ३० जुलै १९१२ ते २५ डिसेंबर १९२६
- शोवा: २५ डिसेंबर १९२६ ते ७ जानेवारी १९८९
- हेइसेइ: ८ जानेवारी १९८९ ते ३० एप्रिल २०१९
- रेइवा: १ मे २०१९ पासून चालू

पहिली दोन तुम्हाला फक्त देवळांच्या पाट्यांवर आणि अर्जातल्या पर्यायांत दिसतील. रोजच्या कामाची शेवटची तीन. त्यांच्यासाठी तीन आकडे पाठ करा: शोवाला १९२५, हेइसेइला १९८८, रेइवाला २०१८. युगाच्या वर्षात हा आकडा मिळवला की इसवी सन मिळतो. रेइवा ७ म्हणजे २०२५, हेइसेइ १२ म्हणजे २०००, शोवा ६० म्हणजे १९८५. उलट जायचं असेल तर वजा करा: १९९१ मधून १९८८ गेले, हेइसेइ ३.

इथले खाचखळगे:

पहिलं वर्ष बहुतेक वेळा आकड्यात लिहीत नाहीत, त्याला ‘गान्नेन’ म्हणतात. वर्षाच्या जागी एक अनोळखी अक्षर दिसलं आणि आकडा नसला तर ते पहिलं वर्ष समजा. २०१९ मे ते डिसेंबरमधल्या कागदांवर हे हमखास सापडतं.

१९८९ आणि २०१९ या दोन वर्षांना दोन-दोन नावं आहेत. ५ जानेवारी १९८९ ला जन्मलेली व्यक्ती शोवा ६४ ची, आणि त्याच वर्षी जूनमध्ये जन्मलेली हेइसेइ १ ची. शोवा ६४ हे वर्ष अवघं सात दिवस टिकलं. या दोन वर्षांसाठी नुसती बेरीज-वजाबाकी पुरत नाही, महिना आणि दिवस बघावाच लागतो.

२०१९ च्या आधी केलेल्या करारांत हेइसेइ ३५ सारखी वर्षं दिसतात. असं वर्ष प्रत्यक्षात आलंच नाही, कारण युग ३१ व्या वर्षी संपलं. पण कागद त्यामुळे रद्द होत नाही. ३५ अधिक १९८८, म्हणजे २०२३, एवढाच त्याचा अर्थ.

सरावासाठी एक उपाय सुचवतो, मुलांबरोबर करायला छान आहे. खिशातली सुट्टी नाणी टेबलावर ओता. प्रत्येक जपानी नाण्यावर युगाचं नाव आणि वर्ष असतं. शंभर येनच्या नाण्यावर वर्ष आपल्या ओळखीच्या आकड्यांत आहे, दहा येनच्या नाण्यावर ते कांजी आकड्यांत आहे, आणि पाच येनच्या नाण्यावर तर सगळंच कांजीत, एकही पाश्चात्त्य आकडा नाही. कांजी आकडे सोपे आहेत: एक, दोन, तीनसाठी तितक्याच आडव्या रेघा, दहासाठी बेरजेचं चिन्ह. चार ते नऊ मात्र शिकावे लागतात. एका संध्याकाळी मूठभर नाण्यांची वर्षं वाचलीत तर शोवा, हेइसेइ आणि रेइवा ही तिन्ही नावं डोळ्यांत बसतात. लग्नपत्रिका, देवळातल्या पाट्या, काही हॉटेलांची उभी पत्रकं अशाच आकड्यांत असतात.

३. अर्ज भरताना

जन्मतारखेला अर्जावर ‘सेइनेन्गाप्पी’ म्हणतात. हा शब्द कानाला आणि डोळ्याला दोन्हीकडे ओळखीचा हवा. त्याच्या पुढे बहुधा युगांची यादी छापलेली असते आणि त्यातल्या एकाभोवती गोल करायचा असतो. कधी पूर्ण नाव असतं, कधी फक्त पहिलं अक्षर, कधी इंग्रजी आद्याक्षर: एम, टी, एस, एच, आर. हेइसेइचं पहिलं कांजी ओळखायला सोपं आहे: दोन आडव्या रेघा, त्यांच्यामध्ये दोन छोटे तिरके ठिपके आणि मधोमध उभी रेघ.

यादीत ‘सेइरेकी’चा पर्याय असेल तर परदेशी माणसाने तोच निवडावा. आपल्या पासपोर्टवर आणि झाइर्यू कार्डावर इसवी सनच आहे, म्हणून सगळे कागद एकमेकांशी जुळतात. पर्याय नसेल तर खिडकीवर विचारा, ‘सेइरेकी दे ईई देस् का?’ म्हणजे इसवी सन चालेल का. बहुतेक वेळा होकार मिळतो. नकार मिळाला तर खिशातली चिठ्ठी काढायची.

काही अर्जांत युगाला क्रमांक दिलेला असतो. हा क्रमांक सगळीकडे एकच नाही, हे लक्षात असू द्या. आयकराच्या अर्जात शोवाला ३, हेइसेइला ४ आणि रेइवाला ५ असतो. निवृत्तिवेतनाच्या कागदांत त्यांनाच ५, ७ आणि ९. त्यामुळे क्रमांक पाठ करू नका, त्या-त्या अर्जावर छापलेला बघा.

चौकटी असतील तर एक आकडी महिन्याआधी आणि दिवसाआधी शून्य लिहा. चूक झाली तर व्हाइटनर लावू नका. आकड्यावर दोन समांतर रेघा ओढून वर नवा आकडा लिहायचा, आणि तिथे सही किंवा शिक्का हवा का ते विचारायचं.

ऑनलाइन अर्जाची कुरकुर वेगळी आहे. आकडे बरोबर असूनही अर्ज पुढे जात नसेल तर बहुधा रुंदीचा प्रश्न असतो. जपानी कीबोर्डवर आकडे रुंद, म्हणजे ‘झेन्काकु’, आणि अरुंद, म्हणजे ‘हान्काकु’, अशा दोन प्रकारे टाइप होतात. रकान्याशेजारी यातला कोणता हवा ते लिहिलेलं असतं. आठ आकडी जन्मतारीख मागितली तर १९९१०६०५, मध्ये रेघ नाही, बिंदू नाही.

जपानमध्ये घर ठरलं की १४ दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवावा लागतो. त्या अर्जात राहायला आल्याची तारीख विचारतात. ती जपानमध्ये उतरल्याची तारीख नव्हे, त्या घरात राहायला लागल्याची. दोन्ही तारखा लिहून न्या.

४. ‘नेन’ आणि ‘नेन्दो’ यांत गल्लत करू नका

इथलं शाळेचं आणि सरकारी हिशेबाचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि ३१ मार्चला संपतं, अगदी आपल्या आर्थिक वर्षासारखं. त्याला ‘नेन्दो’ म्हणतात. रेइवा ७ नेन्दो म्हणजे एप्रिल २०२५ ते मार्च २०२६. त्यातला फेब्रुवारी २०२६ हा कॅलेंडरप्रमाणे रेइवा ८ मध्ये येतो, पण नेन्दो मात्र ७ च. शाळेच्या आणि पाळणाघराच्या अर्जात हा फरक न कळल्याने लोक एक वर्ष पुढचा किंवा मागचा अर्ज घेऊन येतात.

कराचं आणखी वेगळं. पगारदारांना कंपनीकडून मिळणाऱ्या वार्षिक करकपातीच्या पावतीवर ‘रेइवा ७ नेन बुन’ लिहिलेलं असतं. ते जानेवारी ते डिसेंबर २०२५ चं उत्पन्न. ‘रेइवा ७ नेन्दो’चा रहिवासी कर मात्र आदल्या वर्षाच्या, म्हणजे २०२४ च्या उत्पन्नावर लागतो आणि जून २०२५ पासून भरला जातो. आपल्याकडच्या १९६१ च्या आयकर कायद्यात आकारणी वर्ष उत्पन्नाच्या वर्षानंतर येतं, ते डोक्यात ठेवलंत तर हे लगेच कळेल. व्हिसाची मुदत वाढवताना कराचा दाखला मागतात. तिथे कोणतं वर्ष हवं आहे हे ‘बुन’ की ‘नेन्दो’ या शेपटावरून ठरतं. हा दाखला त्या वर्षीच्या १ जानेवारीला तुम्ही ज्या गावात राहत होता तिथल्या कार्यालयाकडून मिळतो, आज राहता तिथल्या नव्हे.

मुलं असतील त्यांनी हेही वाचा. शाळेचा वर्ग २ एप्रिल ते पुढच्या १ एप्रिलपर्यंत जन्मलेल्या मुलांचा असतो. १ एप्रिलला जन्मलेलं मूल आधीच्या तुकडीत जातं, २ एप्रिलचं पुढच्या. याचं मूळ १९०२ च्या वयमोजणीच्या कायद्यात आहे: माणसाचं वय वाढदिवसाच्या आदल्या दिवसाअखेर पूर्ण होतं. त्यामुळे १ एप्रिलचं मूल ३१ मार्चलाच सहा वर्षांचं झालेलं असतं. २ एप्रिल २०१९ ते १ एप्रिल २०२० या काळात जन्मलेली मुलं एप्रिल २०२६ मध्ये पहिलीत.

५. दोन आकडी वर्ष दिसलं की सावध

आता सुरुवातीच्या पासबुकाकडे परत जाऊ. ०७-०६-२५ यात ०७ हे रेइवा ७ आहे. अनेक बँकांच्या पासबुकांवर युगाचं वर्ष दोन आकड्यांत छापतात आणि युगाचं नाव गाळतात. पासबुकावर खात्री करायची सोपी रीत अशी: एकाखाली एक पाच-सहा नोंदी बघा. डावा आकडा स्थिर राहतो आणि उजवा बदलत जातो, म्हणजे डावीकडे वर्ष आहे.

खाण्याच्या पाकिटावर मात्र साधारणपणे इसवी सन असतो, तोही दोन आकड्यांत: २५.१२.०३ म्हणजे ३ डिसेंबर २०२५. आपल्या सवयीने वाचलं तर २५ डिसेंबर २००३ होतं आणि दूध फेकून द्यावंसं वाटतं. त्याहून वाईट उलट बाजू: २६.०१.२८ हे आपण २६ जानेवारी २०२८ वाचतो आणि पाकीट दोन वर्षं ठेवून देतो.

इथे दोन शब्द नक्की ओळखा. ‘शोहि किगेन’ असलेली वस्तू त्या तारखेनंतर खाऊ नये. जेवणाचे तयार डबे, ताजं मांस, सँडविच यांवर हा असतो. ‘शोमि किगेन’ म्हणजे त्या तारखेपर्यंत चव उत्तम, त्यानंतर लगेच खराब होते असं नाही. बिस्किटं, डबाबंद पदार्थ, शेवया यांवर हा. फार टिकणाऱ्या वस्तूंवर फक्त वर्ष आणि महिना असतो, दिवस नसतो.

आणखी एक बारीक खूण. ‘३ गात्सु’ म्हणजे मार्च, ‘३ कागेत्सु’ म्हणजे तीन महिने. लिहिताना दोन्हींत ३ आणि महिन्याचं तेच कांजी. फरक फक्त मधल्या एका छोट्या अक्षराचा. औषधाच्या पाकिटावर आणि करारात ते छोटं अक्षर शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

६. वार: इथे मराठी माणसाला शिकायला जवळजवळ काही नाही

जपानी वार सूर्य, चंद्र आणि पाच ग्रहांवरून आहेत, तेही आपल्याच क्रमाने. निचि सूर्याचा, रविवार. गेत्सु चंद्राचा, सोमवार. पुढे का, सुइ, मोकु, किन, दो: म्हणजे आग, पाणी, लाकूड, धातू, माती. मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी या ग्रहांची जपानी नावं याच पाच अक्षरांनी सुरू होतात. वारांची ही गणना भारतातून चीनमार्गे बौद्ध ग्रंथांबरोबर इकडे आली. भिक्षू कूकाइ ८०६ साली चीनहून परतला तेव्हा ग्रह-नक्षत्रांवरचा असा ग्रंथ त्याच्या सामानात होता. मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

तारखेपुढे कंसात एकच अक्षर असतं, तोच वार. तारखेबद्दल शंका आली तर तो वार फोनच्या कॅलेंडरशी जुळवून बघा. दोन्ही जुळले तर तुम्ही तारीख बरोबर वाचली.

वारांची खरी परीक्षा कचऱ्याच्या वेळापत्रकात होते. ‘माइशू’ म्हणजे दर आठवड्याला. ‘दाइ २, दाइ ४ सुइ’ म्हणजे महिन्यातला दुसरा आणि चौथा बुधवार. इथे दुसऱ्या आठवड्यातला बुधवार धरू नका. महिना गुरुवारी सुरू झाला तर पहिल्या आठवड्यात बुधवारच नसतो, आणि आठवडे मोजणाऱ्याचा कचरा सात दिवस आधीच रस्त्यावर जाऊन बसतो. तो उचलला जात नाही, त्यावर चिठ्ठी चिकटवून ठेवतात. बहुतेक ठिकाणी सकाळी ८ च्या आत ठेवायचा असतो.

भिंतीवरच्या जपानी कॅलेंडरवर तारखेखाली ‘ताइआन’, ‘बुत्सुमेत्सु’, ‘तोमोबिकि’ असे बारीक शब्द दिसतील. ते शुभाशुभ दिवस. ताइआनला लग्नं लागतात, तोमोबिकिला अंत्यसंस्कार टाळतात आणि अनेक ठिकाणची दहनगृहं त्या दिवशी बंद असतात. ऑफिसच्या कामाशी त्याचा संबंध नाही, पण जपानी सहकाऱ्याच्या लग्नाची तारीख आडवारी का आली, ते यावरून समजतं.

७. तोंडी तारीख

लिहिलेली तारीख जमली तरी फोनवर सांगितलेली पकडणं अवघड जातं, कारण पहिल्या दहा दिवसांची नावं नेहमीच्या मोजणीपेक्षा वेगळी आहेत: त्सुइताचि, फुत्सुका, मिक्का, योक्का, इत्सुका, मुइका, नानोका, योऽका, कोकोनोका, तोऽका. शिवाय १४ ला जूयोक्का, २० ला हात्सुका, २४ ला निजूयोक्का.

घसरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. योक्का चार, योऽका आठ. जोडाक्षर ऐकू आलं की चार, लांबलेला स्वर ऐकू आला की आठ. आपल्या कानाला हा भेद सवयीचा आहे, फक्त लक्ष द्यायला हवं. फुत्सुका दोन, हात्सुका वीस. ‘इचि’ एक आणि ‘शिचि’ सात यांत जपानी माणसांचीही फसगत होते, म्हणून ते सातला मुद्दाम ‘नाना’ म्हणतात. तुम्हीही म्हणा.

डॉक्टरची किंवा गॅस सुरू करायला येणाऱ्या माणसाची वेळ फोनवर ठरली, की फोन ठेवण्याआधी तारीख वारासकट परत म्हणा: ‘नानागात्सु योक्का, किन्योबि देस् ने?’ म्हणजे ४ जुलै, शुक्रवार ना? यात कुणाला वावगं वाटत नाही. उलट इथली पद्धतच ती आहे.

महिन्याचे तीन भाग करून बोलायचीही रीत आहे. ‘जोजुन’ १ ते १०, ‘चूजुन’ ११ ते २०, ‘गेजुन’ २१ ते महिनाअखेर. आपल्या दोन पक्षांच्या जागी इथे तीन दशकं. सामान गेजुनला येईल असं सांगितलं तर २० तारखेला दाराकडे डोळे लावून बसू नका.

८. वेळ

तासाला ‘जि’, मिनिटाला ‘फुन’ किंवा ‘पुन’, अर्ध्याला ‘हान’. सानजि हान म्हणजे साडेतीन. ‘गोझेन’ दुपारी बाराच्या आधी, ‘गोगो’ नंतर, आणि हे शब्द आकड्याच्या आधी येतात: गोगो ३ जि. दुपारच्या साडेबाराला ‘गोगो ० जि ३० पुन’ लिहिलेलं दिसलं तर दचकू नका. ‘गोझेन १२’ आणि ‘गोगो १२’ मात्र स्वतः कधी लिहू नका, त्यांचे अर्थ लोक वेगवेगळे लावतात. भर दुपारी बाराला ‘शोगो’ म्हणतात. बाकी सगळीकडे २४ तासांचं घड्याळ वापरा.

इथलं घड्याळ २४ च्याही पुढे जातं. खाणावळीच्या दारावर १७:०० ते २६:०० असं असेल तर ती रात्री २ वाजता बंद होते. टीव्हीच्या वेळापत्रकात शुक्रवारी २५:३० म्हणजे शनिवारी पहाटे दीड. झोपेपर्यंतचा काळ आदल्याच दिवसाचा धरायचा, असा हा हिशेब. आपणही शुक्रवारी रात्री दीड वाजता असंच म्हणतो, त्यामुळे पटायला वेळ लागत नाही.

स्टेशनवरच्या वेळापत्रकात डावीकडे तास आणि त्याच्या ओळीत मिनिटं असतात. ‘हेइजित्सु’ म्हणजे सोमवार ते शुक्रवारचा तक्ता. शनिवार, रविवार आणि सुट्ट्यांचा वेगळा. शुक्रवारी रात्री ०:२० ची शेवटची गाडी शुक्रवारच्या तक्त्यात तळाशी शोधायची, शनिवारच्या नव्हे.

रात्रीच्या बसबद्दल हात जोडून सांगतो. तिकिटावर ५ तारीख आणि ०:१० वेळ असेल तर तुम्हाला ४ तारखेच्या रात्री थांब्यावर उभं राहायचं आहे. ५ च्या रात्री गेलात तर बस जाऊन चोवीस तास झालेले असतात आणि पैसेही परत मिळत नाहीत.

पार्सल आलं तेव्हा घरी नसलात तर दारात चिठ्ठी मिळते. तिच्यावरून पुन्हा बोलवताना वेळेचे गट निवडायचे असतात: ‘गोझेनचू’ म्हणजे दुपारपर्यंत कधीही, मग १४ ते १६, १६ ते १८ असे. दिलेल्या गटात माणूस येतो. आपण घरी असायला हवं.

९. मुदतीचे शब्द

‘मादे’ म्हणजे पर्यंत, आणि तो दिवस धरून. कार्डावर २० एप्रिल मादे असेल तर २० एप्रिलला ते चालतं, २१ ला नाही. ‘इनाइ’ म्हणजे इतक्या काळाच्या आत. ‘इको’ म्हणजे त्या दिवसापासून पुढे, ‘इझेन’ म्हणजे त्या दिवसापर्यंत, दोन्हींत तो दिवस धरलेला. ‘मिमान’ मात्र तो आकडा वगळून: ६ वर्षं मिमान म्हणजे सहा पूर्ण झालेलं मूल त्यात नाही. ‘तोजित्सु’ म्हणजे त्याच दिवशी, ‘योकुजित्सु’ दुसऱ्या दिवशी.

घरभाड्याच्या करारातला ‘मात्सुजित्सु’, म्हणजे महिन्याचा शेवटचा दिवस, नीट वाचा. बहुतेक करारांत पुढच्या महिन्याचं भाडं या महिन्याच्या मात्सुजित्सुला द्यायचं असतं. ऑगस्टचं भाडं ३१ जुलैच्या आत. शेवटचा दिवस रविवारी आला तर बँकेतून पैसे आधी जातात की नंतर, हे करारात असतं. ते सहीच्या आधी घरदलालाला विचारून घ्या.

आणि माय नंबर कार्ड, म्हणजे तुमच्या सरकारी ओळखक्रमांकाचं कार्ड. परदेशी माणसाच्या या कार्डाची मुदत सहसा निवासाच्या मुदतीबरोबर संपते. व्हिसा वाढला म्हणजे हे कार्ड आपोआप वाढत नाही. जुन्या मुदतीच्या आत वॉर्ड ऑफिसात जाऊन ते वाढवून घ्यावं लागतं, नाहीतर नव्याने अर्ज करावा लागतो.

१०. भारताशी वेळ जुळवताना

जपान भारताच्या साडेतीन तास पुढे आहे, वर्षभर. इथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, आपल्याकडेही नाही, म्हणून हा फरक कधी बदलत नाही. जपानची वेळ आकाशी शहरावरून जाणाऱ्या १३५ अंश रेखावृत्ताची, भारताची ८२.५ अंशांची. मधले साडेबावन्न अंश, दर अंशाला चार मिनिटं, एकूण २१० मिनिटं.

भारतात रात्रीचे साडेआठ वाजले की इथे तारीख बदलते. आईवडिलांना शुभेच्छा देताना हे चालून जातं, पण भारतातल्या बँकेची किंवा आयकराची ३१ जुलैची मुदत असेल तर इथे १ ऑगस्टच्या पहाटे साडेतीनपर्यंत तुमच्या हातात वेळ असतो. उलट जपानी अर्जाची मुदत २४ जिला संपते, तेव्हा पुण्यात साडेआठच झालेले असतात. सुट्टीत घरी असताना असा अर्ज भरायचा असेल तर तो जेवणाआधी भरा.